आवक पावती

कळमन्याच्या शीतगृहांच्या बातम्या मी लिहितो,
महिन्याला एक, पानाच्या हिशेबानं पैसे.
'नवे चेंबर कार्यान्वित.' 'भिवापुरी मिरचीची विक्रमी आवक.'
'चिंचेसाठी सवलतीचे भाडे, जागा मर्यादित.'
एखादं विशेषण जास्त झालं
की भुतडाशेठ फोनवर म्हणतात, थोडं थंड ठेवा जी,
आपला धंदाच तो आहे.

त्याच पैशात संस्थेचंही लिहून देतो.
सोबती बालशिक्षण मंडळ. हमालांची पोरं,
संध्याकाळी काट्याच्या शेडखाली सतरंजी,
ट्रक आला की उठायचं, गेला की बसायचं.
ब्रीदवाक्य मीच सुचवलेलं.
आता बॅनरवर दिसलं की दुसरीकडे बघतो.

चौदा जूनला वह्या आल्या. साठ गठ्ठे, दोनशे पानी.
संस्थेकडे जागा नाही. शेठ म्हणाले,
तीन नंबरात टाका, भाडं नको.
मी लिहिलं : 'उद्योगाने जपली बांधिलकी.'
वाटपाला पाहुणे जुलैत येणार होते.
मग पोळा झाल्यावर.
मग आचारसंहिता लागली. मग दिवाळी,
मग पाहुण्यांच्या घरचं लग्न.
दर वेळी मी तारीख खोडली, मजकूर तोच ठेवला.
'लवकरच' हा शब्द कितीही दिवस टिकतो,
त्याला चेंबर लागत नाही.

गठ्ठे आत नेले दुर्योधन नेवारेनं,
पाठीवर, खेपेला दोन.
त्याची आचल सहावीत, याच सतरंजीवर.
तुला माहीत होतं आत काय आहे?
'मालूम होतं ना जी.
दररोज त्याच्याच बाजूनं मिरची काढो मी.'
मग मागितल्या का नाहीस?
'पावती संस्थेच्या नावानं होती.'

एप्रिलच्या बावीस तारखेला पाहुणे आले.
वर्ष संपत आलेलं. बाहेर चव्वेचाळीस.
गठ्ठे सोडले तशी गार वाफ निघाली, तिखट,
पोरं ओळीनं शिंकली, मग हसली,
मग एकीनं वही गालाला लावली.
मग सगळ्यांनीच. गालाला, मानेला,
एकानं तर बनियनच्या आत सरकवली.
भाषण चालूच होतं, भविष्यावर.
फोटोवाला म्हणाला, वह्या छातीशी धरा रे,
नाव दिसलं पाहिजे.

आचलच्या मांडीवर आधीच एक वही होती.
काट्याच्या जुन्या पावत्या, कोरी बाजू वर,
दाभणानं शिवलेल्या, पोत्याची सुतळी.
अख्खी सहावी तिनं त्यात लिहिली :
अपूर्णांक, कन्हान, पेंच, वैनगंगा,
'बैल' वर निबंध, साडेतीन ओळींचा.
मी चाळत होतो. एक पान उलटं झालं.
दि. १४ जून. माल : वह्या. नग : ६०. चेंबर : ३.
आणि त्याच्या पाठीवर
सात छेद आठ वजा तीन छेद चार,
खाली नीट दोन रेघा मारून, एक छेद आठ.

हे पान देशील का मला? बातमीत टाकतो.
तिनं वही माझ्या हातातून काढून घेतली.
'मागं गणित हाय. सरनं तपासलं नाही अजून.'

रात्री लिहिलं. 'साठ गठ्ठ्यांचे थाटात वितरण.'
शीतगृहाचं नाव दोनदा, एकदा ठळक.
पावतीबद्दल एक परिच्छेद, सहा ओळी.
वाटलं, शेठ चिडतील.
शेठ काहीच बोलले नाहीत.
फोन आला संस्थेच्या बाईंचा,
तेवढं काढा हो, देणगीदार वाचतात,
आपल्याला पुढच्या वर्षीही वह्या लागतात.

काढलं. बाईंचंही खोटं नव्हतं.
जुना मसुदा छापून झाला होता, चौदा प्रती.
रद्दीत टाकवेना.
सकाळी जाऊन शेडखाली ठेवून आलो,
कोरी बाजू वर,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एक किलोचं माप त्यांवर.
सुतळी त्यांच्याकडे आहे.